महाभियोगामुळे क्लिंटन यांची लोकप्रियता घसरली नव्हती

‘महाभियोग दाखल होताच अमेरिकी राष्ट्राध्यक्षाचे मतदारही त्याची साथ सोडतात, क्लिंटन आणि निक्सन यांचे हेच झाले,’ अशा आशयाचा मजकूर सध्या फिरत आहे. तो दोन्ही बाबतींत चुकीचा आहे.

अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने १९ डिसेंबर १९९८ रोजी बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग मंजूर केला, आणि त्यानंतर लगेच झालेल्या गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत त्यांच्या कामगिरीला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण ७३ टक्क्यांवर, म्हणजे त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील उच्चांकावर पोहोचले. त्याआधी नोव्हेंबरच्या निवडणुकीत, मोनिका लेविन्स्की यांच्याशी असलेल्या संबंधांचे प्रकरण ऐन भरात असताना, त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा पाचने वाढल्या होत्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये, महाभियोगाचा खटला चालवणाऱ्या सिनेटने त्यांना दोषमुक्त केले.

निक्सन यांच्यावर तर महाभियोग मंजूरच झाला नाही; सभागृहात मतदान होण्याआधी, ९ ऑगस्ट १९७४ रोजी ते पायउतार झाले. त्यांची लोकप्रियता मात्र खरोखर कोसळली होती, पण ती एका रात्रीत नव्हे, तर वॉटरगेट प्रकरणाची (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) सुनावणी दूरचित्रवाणीवर सुरू झाल्यानंतर महिनोन्‌महिने. (मूळ मजकुरातील हा एवढाच अंश ग्राह्य धरता येईल.)

ट्रम्प यांच्या पहिल्या महाभियोगाचा तर त्या मजकुरात उल्लेखही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये, दोषमुक्तीच्या सुमारास, गॅलपने त्यांची पसंती ४९ टक्के नोंदवली. रिपब्लिकनांमध्ये ती ९४ टक्के होती, डेमोक्रॅटांमध्ये अवघी ७.