गव्हर्नर फिप्सला सगळं ठाऊक होतं

सेलमच्या चेटूक-खटल्यांवरचा एक मजकूर सध्या फिरतोय. त्यात म्हटलंय: १६९२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत चेटकिणींना जिवंत जाळत होते, गव्हर्नर विल्यम फिप्स लढाईवर असल्याने त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, परत येऊन पाहतो तर बायकोवरच आळ, म्हणून त्याने खटले थांबवले आणि सगळ्यांना सोडून दिलं.

जाळल्याची गोष्ट साफ खोटी. इंग्रजी कायद्यात चेटकाला फाशी होती. १९ जण फासावर गेले. आरोपाला उत्तरच न देणाऱ्या जाइल्स कोरीला अंगावर दगड रचून मारलं.

'त्याला ठाऊक नव्हतं' हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. फिप्स १४ मे रोजी नवा गव्हर्नर म्हणून इंग्लंडहून बॉस्टनला उतरला तेव्हा तुरुंग आरोपींनी भरलेले होते. दोन आठवड्यांच्या आत, २७ मे रोजी, या खटल्यांसाठी खास न्यायालय त्यानेच नेमलं आणि स्वतःचा उपगव्हर्नर विल्यम स्टॉटन याला मुख्य न्यायाधीश केलं. रिबेका नर्स या वृद्ध बाईला ज्युरीने आधी निर्दोष ठरवलं होतं, मग दबावाखाली निकाल फिरवला. फिप्सने तिची शिक्षा तहकूब केली आणि नंतर तो हुकूम मागे घेतला. १९ जुलैला तिला फाशी झाली. ज्याच्या हुकमाने तिचा जीव टांगणीला लागला होता, त्याला बेखबर कसं म्हणायचं? उत्तरेकडे मेनच्या किनाऱ्यावर पेमाक्विडचा किल्ला बांधायला तो गेला हे खरं, पण ते ऑगस्टमध्ये. आपण जवळजवळ सगळा काळ बाहेर होतो, हे त्याने स्वतःच १२ ऑक्टोबरला लंडनला लिहिलं. पुढे तर दोष स्टॉटनवर ढकलला. आजचा हा मजकूर म्हणजे त्याच्याच बचावाची री ओढणं आहे.

बायकोचं नाव घेतलं गेल्याची चर्चा तेव्हाही होती. तिचा काही परिणाम झालाच नसेल, असं मी म्हणणार नाही. पण तेवढंच कारण धरलं, तर जोखीम पत्करून बोललेली माणसं पुसली जातात. 'अमकीची छाया येऊन मला छळते' असल्या साक्षीवर जीव घेऊ नयेत, असं बॉस्टनचा वजनदार धर्मगुरू इन्क्रीस मॅदर याने ऑक्टोबरच्या सुरुवातीला धर्मगुरूंपुढे मांडलं. बॉस्टनचा व्यापारी थॉमस ब्रॅटल याने ८ ऑक्टोबरच्या पत्रात न्यायाधीशांच्या पद्धतीवर कडक टीका केली. २६ तारखेला विधानसभेने, चेटकाच्या प्रकरणात योग्य मार्ग सापडावा म्हणून, उपवास आणि धर्मगुरूंची सभा यांचा ठराव ३३ विरुद्ध २९ मतांनी मंजूर केला. त्यानंतर, २९ ऑक्टोबरला, फिप्सने न्यायालय मोडीत काढलं.

खटले मात्र तेव्हाही संपले नाहीत. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयात ते पुन्हा चालले. छायेची साक्ष आता चालेना, त्यामुळे बहुतेक सुटले. तरी स्टॉटनने आठ जणांच्या फाशीचे हुकूम काढलेच. ते फिप्सने रोखले, आणि याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण 'सगळ्यांना सोडलं' हे खरं नाही. सुटका झाली तरी तुरुंगातल्या राहण्या-जेवणाचा खर्च कैद्यानेच भरायचा होता. लिडिया डस्टिन ही वृद्ध विधवा निर्दोष ठरली, पण ते पैसे तिच्याकडे नव्हते. मार्च १६९३ मध्ये ती केंब्रिजच्या तुरुंगातच वारली.