बुधवारची बाटली

रात्रीच्या साध्या जेवणाबरोबर पेलाभर रेड वाइन घ्यावी, ही कल्पना माझ्या डोक्यात कुठून शिरली ते आता आठवत नाही, पण त्यासाठी मी टिळकवाडीतल्या दुकानात उभा राहिलो आणि काउंटरवरच्या माणसाने "औषधाला पाहिजे काय, सर?" असे कळवळून विचारले, तेव्हाच मी शहाणा व्हायला हवे होते. नाशिकची शिराझ, ७५० मिलिलिटर, ६५० रुपये. दीडशे मिलिलिटरचे पाच पेले, म्हणजे पेल्याला १३० रुपये, असा हिशेब मांडतच मी घरी आलो.

फिरकीच्या झाकणाची बाटली मिळत होती. परंतु बुचाची ती खानदानी, या समजुतीने मी बुचाची घेतली होती आणि बूच काढण्याचा स्क्रू घरात नव्हता. शेवटी लाटण्याच्या टोकाने बूच आत ढकलले, तेव्हा एक जांभळी चिळकांडी थेट माझ्या बनियनवर आली. बुचाचा भुगा तरंगू लागला म्हणून सगळी वाइन चहाच्या गाळणीतून तांब्यात गाळली. जाणकार तिला जी हवा लागू द्या म्हणतात, ती अशी फुकटात लागली.

लेबलावर मिरी, तंबाखू आणि चामडे यांच्या गंधाचा उल्लेख होता. आई निपाणीची, तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली. तिने तांब्या हुंगून "तंबाखू न्हाई यात," असा निकाल दिला. चामड्यासाठी मी अथणीहून आणलेली नवी कोल्हापुरी चप्पल ताडून पाहणार होतो, पण बायकोने ती ताटाजवळ आणू दिली नाही.

रेड वाइन १६ ते १८ अंशांवर प्यावी म्हणतात. मे महिन्यात, शेजारी भाकऱ्या भाजल्या जात असताना तेवढा गारवा हवा असेल, तर फ्रिजमध्येच पाट मांडावा लागेल. तरी अर्धा तास गार करून मी घोट घेतला आणि हिरडा चावल्यासारखे तोंड आवळले. द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड असे कोरडे पडते. चरबीदार मटण असले की हा तुरटपणा निवतो. माझ्या ताटात मात्र झुणका आणि ठेचा होता, आणि तिखटावर तुरट टॅनिन व अल्कोहोल पडल्यावर काय होते, ते माझे कान सांगत होते.

"मटण पाहिजे होतं तर सकाळी सांगायचं होतं," बायको म्हणाली. तो बुधवार होता. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा; रविवारी मटण चालते, पण त्या दिवशी आम्ही खानापूरला लग्नाला होतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये फार तर तीन ते पाच दिवस टिकते, हे मी पुढच्या बुधवारी मटण शिजल्यावर वाचले.

वाइन आंबली होती. आईने ती न बोलता पातेल्यात ओतली, मीठ घातले आणि कांदा चिरून भिजत टाकला. ५२० रुपयांचा तो गुलाबी कांदा मटणाबरोबर सगळ्यांनी बोटे चाटून संपवला, आणि पुढच्या बुधवारीही एक बाटली "आण की" म्हणून आईने मला बजावले.