खोटी नवशिकी

इटालियन शिकायचं ठरवायला काहीच लागत नाही. एखादी रिकामी दुपार पुरते. पुढे वर्कबुक निवडायची वेळ आली की माणसाचा कस लागतो. मुलाने आधीच सांगितलं होतं, "आई, ॲपवर शिक ना, कशाला वह्या-पुस्तकं?" पण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही. आमची अख्खी पिढी 'गाळलेल्या जागा भरा' आणि 'जोड्या लावा' यांवर पोसलेली. कुणीतरी मुद्दाम गाळून ठेवायचं आणि आपण मुकाट्याने भरायचं, यालाच आम्ही शिक्षण म्हणत आलो.

तर पहिला प्रश्न असा, की मी नेमकी कोण? युरोप परिषदेने 2001 मध्ये भाषा शिकणाऱ्यांची ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्यांवर मांडणी करून दिली. ए-1 म्हणजे सगळ्यात खालची. तिथे आपल्याला कोण अडवणार, अशा थाटात मी गेले, तर ए-1च्याही खाली तळघर निघालं. तिथे नवशिक्यांचे दोन प्रकार. एक 'प्रिंचिपिआंते आस्सोलूतो', म्हणजे निखळ नवशिका. दुसरा 'फाल्सो प्रिंचिपिआंते', म्हणजे खोटा नवशिका: कधीतरी थोडं शिकला, विसरला आणि आता पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतोय. हे वाचून मी चांगलीच वरमले. पेटी, पोहणं, योगासनं, हिशेबाची वही, सगळीकडे मी खोटीच नवशिकी आहे. फक्त त्याला इतकं भारदस्त नाव आहे, हे ठाऊक नव्हतं.

मुखपृष्ठांवरून काही कळत नाही. व्हेस्पा, गोंडोला, कलोसियम आणि पिसाचा मनोरा यांपैकी दोन तरी असतातच. आत बघावं तर एका गटातली पुस्तकं अथपासून इतिपर्यंत इटालियनमध्येच. 'कोम्प्लेता ले फ्राझी', 'अब्बीना' अशा सूचना. वाक्यं पूर्ण करा आणि जोड्या लावा, हे मी चित्रांवरून ताडलं. भाषेत थेट बुडवलं की माणूस पोहायला लागतो, असं म्हणतात. माझं पोहण्याचं वर सांगितलंच आहे.

मग इंग्रजीतून शिकवणारा गट. इथे मात्र मजा आली. ही पुस्तकं इंग्रजी माणसासाठी लिहिलेली, त्यामुळे भलत्याच ठिकाणी धीर देतात. "घाबरू नका, इटालियनमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं!" अहो, मी कशाला घाबरू? आमच्याकडे खुर्ची ती, टेबल ते आणि पंखा तो. का, म्हणून कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. उलट इटालियनांनी नपुंसकलिंग काढूनच टाकलंय, म्हणजे मला सवलत. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांसारखा फरक तिथेही आहे, पुरुष 'आंदातो' आणि बाई 'आंदाता'. त्यावर एक अख्खा धडा, रंगीत चौकटींसकट. 'मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात' ही रचना तर त्यांच्याकडे जशीच्या तशी. त्या बिचाऱ्या इंग्रजी वाचकाला ती पटवायला लेखकाने चार पानं खर्ची घातलीत, बाण काढलेत, 'आता वाक्य उलटं करून विचार करा' असं विनवलंय. आम्ही जन्मल्यापासून उलटेच. 'त' म्हणताना जीभ दातांमागे टेकवायची, हे तर आकृती काढून दाखवलेलं.

आणि जिथे मला खरोखर कुणी हात धरायला हवा होता, तिथे लेखक शीळ घालत निघून जातो. ती जागा म्हणजे उपपदं, नामाआधी लागणारे इंग्रजी 'द'सारखे शब्द. मराठीत उपपद नाहीच. पुस्तक म्हणजे पुस्तक, विषय संपला. इंग्रजीत निश्चित उपपद एकच, त्यामुळे इंग्रजी माणसाला निदान ती चीज काय असते हे ठाऊक असतं. इटालियनमध्ये त्याची सात रूपं: इल, लो, ला, ई, ल्यी, ले आणि सातवा नुसता 'ल' पुढच्या स्वराला चिकटलेला. पुल्लिंगी शब्दाला एरवी 'इल' लागतं. पण तोच शब्द 'स्त', 'स्प' अशा 'स'च्या जोडाक्षराने सुरू झाला की 'लो' येतं, म्हणजे 'लो स्तुदेंते'. म्हणून 'त्रेनो'लाही 'लो' लावायला जावं, तर नाही, ते 'इल त्रेनो'. शिवाय चा-ला-मध्ये-वर-हून यांसारखी पाच अव्ययं या सातांना येऊन जुळतात आणि पाच सत्ते पस्तीस घरांचा तक्ता तयार होतो. पाढ्यांसारखा पाठ करावा लागणारा हा तक्ता एका पुस्तकाने शेवटी परिशिष्टात, इतक्या बारीक टाइपात टाकला होता की औषधाच्या खोक्यावरचे दुष्परिणाम बरे वाचता येतात.

तेव्हापासून माझी पारख ठरली. पुस्तक हातात घ्यायचं, प्रस्तावना-बिस्तावना सोडून द्यायची आणि उपपदांना किती पानं दिलीत ते मोजायचं. पुढचा मुक्काम 'लेइ'. समोरच्याला आदर द्यायचा तर इटालियनमध्ये त्याला 'ती' म्हणतात, मग तो मिशाळ बँक मॅनेजर का असेना. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने हे 'लेइ' बायकी आणि परकं ठरवून त्याच्या जागी 'वोइ' आणायचा खटाटोप केला होता. राजवट बुडाली, 'लेइ' अजून आहे. हुकूमशहाला जे पेललं नाही, ते काही वर्कबुकं दीड ओळीच्या तळटीपेत उरकतात. अशी पुस्तकं मी सरळ खाली ठेवली.

बाकीच्या भानगडी पुस्तक घरी आल्यावर कळल्या असत्या, पण मी आता सावध झाले होते. कागद गुळगुळीत असला की पेनाची शाई पसरते आणि 'देल्लो' की 'देल्ला' हे आपलं आपल्यालाही कळत नाही. आमच्यासारख्यांसाठी ती सोयही आहे म्हणा. गाळलेली जागा नखाएवढी आणि त्यात भरायचं क्रियापद हातभर, हा प्रकार सर्रास. त्याहून वाईट म्हणजे 'पाठ्यपुस्तकातल्या पान 14 वरचा फोटो पाहून उत्तरं लिहा'. ते पाठ्यपुस्तक वेगळं विकत घ्यायचं. मी त्या प्रश्नापुढे बराच वेळ थांबून फोटोत काय असेल याचा अंदाज बांधत होते. बहुधा व्हेस्पा.

शेवटी एक जाडजूड, खरखरीत कागदाचं, रंगीत चित्रं अगदी बेताची असलेलं वर्कबुक घेतलं. उपपदांना सढळ हाताने पानं, 'लेइ'ला स्वतंत्र धडा आणि मागे उत्तरसूची. उत्तरसूची हवीच. उत्तर चुकतंय की बरोबर, हे सांगायला घरात दुसरं कोण आहे? मुलगा आता ॲपवर जपानी शिकतोय.

पहिल्या धड्याच्या शेवटच्या प्रश्नाशी मी अडलेय. 'पेर्के स्तूदी लितालिआनो?' तू इटालियन का शिकतेस? खाली पाच कोऱ्या ओळी, चांगल्या ऐसपैस. हाच प्रश्न आईने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, मुलाने तर दोनदा विचारला, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी पुटपुटून चहा टाकायला उठले. आता निदान छापील उत्तर तरी मिळेल म्हणून घाईघाईने मागचं पान उघडलं. तिथे लिहिलंय, 'रिस्पोस्ता लीबेरा'. ज्याने त्याने आपल्या मनाने लिहावं.