जलद बस आणि मिठागरातले बगळे

मुलुंड चेकनाका ते शीव हे अंतर एलबीएस, म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गाने दोन सेकंदांत कापता येतं, हे मला परवा कळलं. समोर पडद्यावर मुंबईचा नकाशा होता, साहेबांच्या हातात लेझर होता आणि त्या लाल ठिपक्याने भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला सगळं एकही सिग्नल न लागता मागे टाकलं. सभागृहात कोणीतरी हळूच ‘वा’ म्हणालं.

मी रोज त्याच रस्त्याने भांडुपहून कुर्ल्याला जातो, बसने. गांधीनगरच्या सिग्नलला बस लागली की ड्रायव्हर इंजिन बंद करतो, आणि इंजिन बंद झालं की अनुभवी प्रवासी डबे उघडतात. मध्यंतरी एक बाई तिथे खाली उतरल्या, कोथिंबिरीची जुडी घेतली, आतून काळी निघाली म्हणून भांडून बदलून घेतली आणि परत येऊन आपल्याच सीटवर बसल्या. सीटवर रुमाल टाकून गेल्या होत्या. बस तसूभरही हललेली नव्हती.

तेव्हा ‘जलद बस सेवेचा विस्तार कुठे करावा, याबाबत हरकती व सूचना’ असं वाचल्यावर मी अर्धी रजा टाकून गेलो, यात नवल नाही.

योजना कागदावर झकास आहे. बसला रस्त्याच्या मधोमध स्वतःची मार्गिका, थांबा बसच्या पायरीच्या उंचीचा, तिकीट चढण्याआधीच काढायचं. म्हणजे सुट्ट्या पैशांवरून चालत्या बसमध्ये वाद नाही. ब्राझीलच्या कुरितिबात 1974 पासून अशी मार्गिका चालू आहे, बोगोटात 2000 पासून, आपल्या अहमदाबादेत 2009 पासून. हे सांगताना बसवाले साहेब खुलले होते. मग कोणीतरी पुण्याचं नाव काढलं. देशात पहिला मान त्यांचा, 2006 साली कात्रज–स्वारगेट–हडपसर. त्यावर सगळे साहेब एकदम चहा प्यायला लागले.

रहदारीवाल्या साहेबांचा भर दिल्लीवर होता. तिथे 2008 मध्ये अशी मार्गिका सुरू केली आणि 2016 मध्ये उखडून टाकली. त्यांना यातलं फक्त 2016 आवडलं होतं. ते तीनदा म्हणाले.

इतक्यात मागून एक आजोबा उठले. ‘31 मार्च 1964. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. मी बघायला गेलो होतो. तेव्हा मधोमध रूळ होते. ते काढलेत, आता म्हणता मधोमध मार्गिका करू. मग साठ वर्षं काय केलंत?’ टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, ‘काका, विषयाला धरून बोला.’ माझ्या मते त्या दुपारी विषयाला धरून बोललेले ते एकटेच.

खरी गंमत ‘कुठे’ या मुद्द्यावर आली. विक्रोळीच्या एका सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, योजना स्तुत्य आहे, पण आमच्या गेटसमोरून नको, आमच्या गाड्या कुठे लावायच्या? घाटकोपरच्या व्यापाऱ्यांनी पवई सुचवली. पवईकरांनी अंधेरी सुचवली. अंधेरीचं कोणी आलेलं नव्हतं, त्यामुळे बराच वेळ जलद बस अंधेरीला बिनविरोध जाणार अशी चिन्हं होती.

रस्तेवाले साहेब मात्र टेप घेऊनच जन्माला आलेले. त्यांनी ठिपका उचलला आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर नेऊन ठेवला. ‘इथे रुंदी आहे,’ ते म्हणाले. आहेच. कांजूर-भांडुपच्या बाजूला मिठागरं आहेत, तिथे कोण राहायला जाणार? रुंदी आहे म्हणून बस तिथे आत्ताही बऱ्यापैकी पळते. म्हणजे बस जिथे अडत नाही तिथे तिला वेगळी वाट द्यायची, कारण तिथे वाट आहे. आणि जिथे अडते तिथे द्यायची नाही, कारण तिथे वाट नाही. हे इतकं सरळ होतं की मला आधी खोटच सापडेना.

मी हात वर केला. ‘साहेब, चढणार कोण? मिठागरातले बगळे?’

‘फीडर बस देऊ,’ बसवाले साहेब म्हणाले. ‘भांडुप पश्चिमेहून प्रवासी उचलायचे आणि हायवेला आणून सोडायचे.’

‘कुठून?’

ठिपका जरा घुटमळला आणि गांधीनगरच्या सिग्नलवर जाऊन थांबला. तिथे ठिपकासुद्धा थांबतो, एवढं समाधान मला मिळालं.

मग एलबीएसवर चर्चा झाली, ती दीड मिनिटात संपली. मधोमध मेट्रो 4 चे खांब आहेत. डाव्या कडेला रिक्षा, गॅरेजवाले आणि नारळाच्या हातगाड्या. उरलेल्या पट्ट्यात बस, ट्रक, टेम्पो, रुग्णवाहिका आणि उलट्या दिशेने येणारा एक स्कूटरवाला, जो नेहमी असतोच. रस्तेवाल्या साहेबांनी रुंदीचा आकडा वाचला आणि कागद पालथा घातला.

माझ्या शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन एक मावशी बसल्या होत्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. आता त्यांचा बांध फुटला. माइकची वाट न बघता त्या उभ्या राहिल्या.

‘खाली जागा नाही म्हणता, वर मेट्रो. मग आमची बस काय मेट्रोच्या डोक्यावरून नेणार का?’

सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी बाजूच्या लिपिकाकडे वळून सांगितलं, ‘घ्या. नागरिकांची सूचना, उन्नत मार्ग, मेट्रोच्या वर. व्यवहार्यता तपासणे.’

लिपिकाने मावशींना नाव विचारलं, पत्ता विचारला आणि सही करायला रजिस्टर पुढे केलं.