बंगला बांधताय? गवंडी पडायच्या आत एवढं वाचा

सांगलीत घर बांधायला काढलंय? छान. २०१९ चं पाणी बघितलंय म्हणून खाली नुसतं पार्किंग आणि वर घर, असं केलं असेल तर आणखी छान. गिलाव्याची परांची एक मजला वर जाते आणि माणूसही तेवढ्याच उंचीवरून खाली येतो. तुम्ही तयारीत राहा.

ठेका तोंडी द्या. कागद केला की त्यावर तुमचं नाव येतं.

बिगाऱ्याचं नाव विचारू नका. ‘ए जतवाल्या’ एवढं पुरतं.

हेल्मेट, पट्टा, जाळी असले लाड नकोत. बांबूला काळी बाहुली टांगा. ठेकेदार मजुरांच्या विम्याचं बोलला तर हसण्यावारी न्या आणि पोर्चच्या ग्रॅनाइटसाठी कर्ज वाढवून घ्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी कुणी ९० दिवसांच्या कामाचा दाखला मागितला, तर तुमचा चष्मा सापडत नाही.

आता मुख्य प्रसंग. माणूस पडला की फोन बंद ठेवा. आमच्या विश्रामबागेतल्या शेजाऱ्यांनी परवा ठेवला होता. गवंड्याला रिक्षात घालून मी नेलं. दवाखान्यात ‘नातेवाईक’ म्हणून सही माझी, कारण मालक लागेनात. लागले तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘बाथरूममध्ये घसरला असंच सांगितलंय ना?’ एमएलसी, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना कळवायची नोंद, झाली की पोलीस येतात, ही काळजी. कंबर मोडली का, हे विचारलंच नाही. ठेकेदार म्हणाला मालकांना विचारा, मालक म्हणाले ठेकेदाराला विचारा. हेच मालक रोज संध्याकाळी सळ्यांमधलं अंतर बोटानं मोजायचे, सिमेंटची रिकामी पोती मोजून घ्यायचे, खिडकी दोन इंच सरकवायला बांधलेली भिंत फोडायला लावायचे. परांचीचे बांबू सुतळीनं बांधलेत, एवढंच काय ते ठेकेदाराच्या खात्यातलं!

मग ‘पिऊन आला होता’ म्हणा. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर ही सबब १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही चालत नव्हती, पण गल्लीत चालते. शेवटी ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून ५०० च्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घ्या (१०० चा आता चालत नाही, माणूस स्वस्त आणि कागद महाग). भरपाईचा हक्क सोडल्याचा असला कागद त्याच कायद्याच्या कलम १७ नं रद्दबातल ठरवला होता. जखमी माणसाला ते कोण सांगणार?

बिल्डर असाल तर जरा अवघड. ठेकेदाराच्या मजुराला आधी तुम्ही भरपाई द्यायची आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करायची, असं कलम १२ सांगायचं. स्वतःचं घर बांधणाऱ्याला मात्र तिथे फट सापडते, कारण घर बांधणं हा काही त्याचा धंदा नव्हे. त्या फटीत आमची अख्खी कॉलनी राहायला गेलीय. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. परांचीची सुतळी जुनीच आहे.

बास झाले सल्ले. शेजारी, लाज वाटू द्या जरा. छज्जा वाकडा दिसतोय म्हणून त्या गवंड्याला परत वर चढवलं कुणी? तुम्ही. पावसानं बांबू ओले होते, हे तुम्हाला खालून दिसत नव्हतं? त्याची बायको तुमच्याच साइटवर घमेली उचलते. नवऱ्याच्या उशाशी बसली म्हणून तिची हजेरी कापलीत तुम्ही. वकिलाला विचारून फट शोधायला वेळ मिळाला आणि दवाखान्यात यायला मिळाला नाही? मला वास्तुशांतीची पत्रिका आणून देऊ नका, मी येणार नाही. त्याचं बिल भरा. तो उठेपर्यंत दोघांचा रोज द्या. उरलेल्या गिलाव्याला लोखंडी परांची लावा, आणि ठेकेदाराशी काय भांडायचं ते त्यानंतर भांडा.