फळ्याला शिकवणाऱ्या मॅडम

आज लेकाच्या शाळेत पालकसभा होती. दोन्ही कानांना ऐकू येण्याची मशीन आहे त्याच्या. सहावीच्या विज्ञानाच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याला स्पेशल शाळेत का नाही टाकत? आम्हाला याचं ट्रेनिंग नाही." तो माझ्या शेजारीच उभा. वर्गातलं काही ऐकू येत नाही म्हणे त्याला, हे मात्र बरोबर ऐकू आलं.

ट्रेनिंग! दुसरीच्या बाईंना कुठलं ट्रेनिंग होतं? मार्च लागला, वर्गातला कूलर सुरू झाला आणि याचं श्रुतलेखन धडाधड चुकायला लागलं. मी घरी रागावले, लक्ष नाही म्हणून. बाईंनी चार दिवस पाहिलं नि मला बोलावलं. "अहो, याचा बाक कूलरला लागून आहे. मशीनमधून माझ्याऐवजी तोच घरघरत असेल." बरोबर होतं. मशीन बाईंचा आवाज मोठा करते तसा कूलरचाही करते. बाईंनी त्याला दुसऱ्या ओळीत भिंतीकडे आणलं. श्रुतलेखनाची दहा मिनिटं कूलर बंद! नागपूरच्या उन्हात! बाईंच्या ब्लाउजची पाठ ओलीचिंब व्हायची, पोरं वहीनं वारा घेत लिहायची.

आणि फळ्यावर लिहिताना बाई गप्प. लिहून झालं की खडू ठेवायचा, वळायचं, मग बोलायचं. ओठ दिसले की हा अर्धं तिथूनच उचलतो. याला किती खर्च येतो हो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले, भेदभाव न करता प्रवेश द्या म्हणून शाळांना बजावलं. प्रवेश दिला ना बाप्पा! पोरगं बाकावर बसलं, काम संपलं!

हो, वर्गात ५८ पोरं आहेत. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला ३५ मागे एक शिक्षक लिहिलाय, वर निवडणुकीची कामं गळ्यात. अशा मुलांसाठी शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक कधी उगवतील, नेम नाही. मान्य. पण फळ्याकडून वळायला कोणती सुट्टी मंजूर करून घ्यावी लागते?

जास्तच लिहिलं का? मी तिथंही तडकाफडकी बोलले. मॅडम तिशीच्याही नसतील, समोर वह्यांचा ढीग, घसा बसलेला. दुसरीच्या बाईंनाही सगळं आपोआप थोडंच कळलं, त्या रोज मला विचारायच्या. या मॅडमना जूनमध्ये मीच जाऊन सांगायला हवं होतं. मी मात्र फॉर्मवर 'श्रवणदोष' लिहून मोकळी झाले.

रात्री मशीन डबीत ठेवता ठेवता लेक म्हणाला, "आई, मॅडम चांगल्या आहेत. फक्त त्या फळ्यालाच शिकवतात."

सोमवारी जाते परत. त्याच्या डोक्यावरचा पंखा कडकड वाजतो, तेही सांगते.