‘वैयक्तिक’ म्हटलं की विषय संपला? खुलासा
ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘नव्या डेटा कायद्यामुळे आरटीआयमध्ये कुणाचीही माहिती मिळणार नाही, माहिती आयोगालाही फाईल बघता येत नाही.’

पहिलं अर्धवट, दुसरं साफ चूक. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा देतं; ‘व्यापक जनहित असेल तर द्या’ ही त्यातली अट १४ नोव्हेंबर २०२५ पासून डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे (तोच ‘नवा डेटा कायदा’) गेली, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ८(२) शाबूत आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. नकार आला की ३० दिवसांत, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. त्यात नुसतं ‘जनहितार्थ’ लिहून भागत नाही. कुठला खर्च, कुठला परवाना, कुणाचं नुकसान, ते मांडा.

आणि आयोग? तक्रारीच्या चौकशीत कलम १८(४) नुसार कुठलंही रेकॉर्ड त्याच्यापासून रोखता येत नाही. ते अर्जदाराला द्यायचं का, हा पुढचा प्रश्न.